एकच वाय, दोन निकाल

(पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर रात्री जेवणं झाल्यावर वाचा.)

कुडाळच्या एसटी स्टँडसमोर चहा पिताना तृतीयपंथीयांच्या ओळखपत्राचा विषय निघाला आणि आमच्यातला एकजण, चांगला शिकलेला, सहज म्हणाला, "एवढी चर्चा कित्याक? रगात तपासा, काय तां कळान येतला." बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. तपासणी म्हणजे खरं-खोटं वेगळं करणारं यंत्र, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलंय. मलाही प्रयोगशाळेबद्दल आदरच आहे. पण ही "रक्त तपासा" कल्पना आपल्या मुलखात नवी नाही. दीडशे वर्षांपासून कोणी ना कोणी ती वापरून बघितली आहे. काय निष्पन्न झालं, ते सांगावं म्हणून हे लिहितोय.

आधी एक गाठ सोडवून घेऊ. आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतो. काही माणसं जन्मतःच अशा शरीराची असतात की गुणसूत्रं एक सांगतात आणि शरीराची ठेवण दुसरंच. त्यांना आंतरलिंगी किंवा इंटरसेक्स म्हणतात. आणि काही माणसांचं शरीर डॉक्टरच्या दृष्टीने अगदी चारचौघांसारखं असतं, पण जन्माच्या दाखल्यावर लिहिलेलं लिंग आपलं नाही हे त्यांना आतून उमजलेलं असतं. त्या ट्रान्सजेंडर व्यक्ती. एखाद्याच्या बाबतीत दोन्हीही असू शकतं. आता दुसऱ्या प्रकारच्या माणसाचं रक्त तपासलं तर काय येणार? बहुतेक वेळा एक्स-एक्स नाहीतर एक्स-वाय, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखंच. ज्यांच्यासाठी ही चाचणी सुचवली जाते, त्यांच्याविषयी ती काही बोलतच नाही. ती बोलते भलत्याच कोणाबद्दल, आणि त्या भलत्या माणसाचं काय होतं ते पुढे येईलच.

आता थोडं मागे जाऊ. मराठ्यांच्या राजवटीत देशावरच्या बऱ्याच गावांत हिजड्यांना हक्क होते. कुठे थोडी इनाम जमीन, कुठे गावातून ठरलेली रक्कम किंवा धान्य, कुठे मागून खाण्याची सनद. पुढे मुंबई इलाख्याच्या इंग्रज अधिकाऱ्यांना जुनी इनामं तपासताना हे कागद सापडले आणि ते चक्रावले. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने १९८७ साली या कागदांवर एक सविस्तर लेख लिहिला आहे. त्यात लक्षात राहण्यासारखी गोष्ट म्हणजे हा हक्क बापाकडून मुलाकडे जात नसे, गुरूकडून चेल्याकडे जाई. रक्ताच्या नात्याला तिथे जागाच नव्हती. साहेबाला हे पचलं नाही. वारसा म्हटला की मुलगा हवा, नाहीतर दत्तकपत्र हवं. शिवाय मागून खाण्याचा हक्क सरकारने मान्य करणं म्हणजे खंडणीला आशीर्वाद, असं त्यांना वाटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कंपनी सरकारने या हक्कांमागचा हात काढून घेतला.

म्हणून मराठेशाहीत सगळं सोन्याचं होतं असं कोणी समजू नये. तो हक्क मागून खाण्याचा होता, पंक्तीला बसण्याचा नव्हता. आंबोलीचा घाट चढून पलीकडे कोल्हापूर-बेळगावच्या बाजूला गेलात तर सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते भेटतात. डोक्यात जट आली, की मुलगा देवीला वाहायचा. 'जोगवा' सिनेमा २००९ साली आला तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ते जग पहिल्यांदा दिसलं. तिथे डॉक्टर नव्हता हे खरं, पण वाहिलेल्या मुलाला तरी कोणी विचारलं होतं? देवीच्या नावाने ठरवलं काय किंवा सिव्हिल सर्जनच्या नावाने ठरवलं काय, ज्याचं आयुष्य आहे त्याला न विचारता ठरवणं तेच. (आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं, "आमच्या दशावतारात पुरुष रात्रभर द्रौपदी होतो, आम्हाला काय शिकवता?" दशावतारावर माझंही प्रेम आहे. पण स्त्रीपार्टी ही कला आहे, पहाटे रंग पुसला की तो कलाकार आपल्या घरी जातो. इथे विषय रंग न लावलेल्या माणसांचा आहे.)

चाचणी कायद्यात शिरली ती १८७१ साली. त्या वर्षीचा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला माहीत असतो तो भटक्या-विमुक्तांमुळे. पण त्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, हे फारसं कोणी सांगत नाही. मुलं पळवणं, त्यांना नपुंसक करणं किंवा कलम ३७७ खालचे गुन्हे, असा ज्यांच्यावर संशय त्यांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेल्याने रस्त्यात बायकी कपडे घातले, किंवा सार्वजनिक जागी नाचगाणं केलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद. दत्तक घ्यायचं नाही, मृत्युपत्र करायचं नाही, सोळा वर्षांखालचा मुलगा घरात ठेवायचा नाही. आणि हिजडा कोण? कायद्यातली व्याख्या अशी, की पुरुष जातीची जी व्यक्ती स्वतः कबूल करेल किंवा वैद्यकीय तपासणीत स्पष्ट दिसेल, की ती नपुंसक आहे.

व्याख्येत "वैद्यकीय तपासणी" आहे हे नीट बघा. तपासणी करून काही द्यायचं नव्हतं. ना उपचार, ना सवलत. पोलिसांच्या वहीत कोणाचं नाव चढवायचं एवढ्यासाठी डॉक्टर लागत होता. तपासणी कोणासाठी चालली आहे हे कळल्याशिवाय तिच्या निकालाचा अर्थ लागत नाही, हे तेव्हापासूनचं आहे.

हा दुसरा भाग मुख्यतः उत्तरेत, आजच्या उत्तर प्रदेशाच्या बाजूला राबवला गेला. आपल्या मुंबई इलाख्यात तो तेव्हा नव्हता, आणि सावंतवाडी तर संस्थानच. पण व्याख्या पसरतात. हैदराबाद संस्थानाने १९१९ च्या सुमारास असाच कायदा केला, तीच नोंदवही, तीच वैद्यकीय तपासणीची व्याख्या. हैदराबाद शहरासाठी, आणि सरकार ठरवील त्या इतर ठिकाणी. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. इंग्रजांनी १९११ च्या नव्या कायद्यातून तो भाग वगळला होता, पण निजामाचा कायदा कागदावर राहिला तो राहिलाच. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला जुलै २०२३ मध्ये. शंभर वर्षांहून जास्त! आणि बेळगावकरांना आठवत असेल, कर्नाटकाने तर २०११ साली, स्वतंत्र भारतात, पोलीस कायद्यात ३६-अ कलम घालून हिजड्यांची नोंदवही पुन्हा आणली होती.

१८८४ सालचं एक प्रकरण सांगतो, अलाहाबाद उच्च न्यायालयातलं. खैराती नावाची व्यक्ती, मुरादाबादची. बायकांचे कपडे घालून एका कुटुंबातल्या बायकांसोबत गाताना दिसली म्हणून पोलिसांच्या नजरेत आली. सिव्हिल सर्जनने शरीराची तपासणी केली आणि त्या तपासणीच्या जोरावर खालच्या कोर्टाने शिक्षा ठोठावली. गुन्हा कधी झाला, कुठे झाला, कोणाबरोबर झाला, यातलं काही नव्हतं. उच्च न्यायालयाने शेवटी याच कारणाने सोडून दिलं. पण तोपर्यंत त्या माणसाचं शरीर हाच पुरावा, आणि शरीर हाच गुन्हा.

आता थेट आपल्या काळात आणि आपल्या राज्यात येऊ. पोस्ट लिहायचं खरं कारण हे आहे.

नाशिक ग्रामीण पोलिसांची भरती, साल २०१८. अनुसूचित जातीतल्या एका मुलीने महिला उमेदवार म्हणून अर्ज भरला. लेखी पास, मैदानी पास. भरतीची तयारी करणारी मुलं आपल्या कुडाळातही पहाटे धावताना दिसतात, तेव्हा मैदानी पास होण्याला काय लागतं ते मी वेगळं सांगायला नको. मग वैद्यकीय तपासणी. त्यात गर्भाशय आणि अंडाशय नाहीत असं आढळलं. पुढे गुणसूत्रांची चाचणी झाली, तिला कॅरिओटायपिंग म्हणतात, आणि अहवाल आला की गुणसूत्रं पुरुषाची. झालं. महिला जागेवरची उमेदवार "पुरुष" ठरली, आणि पुरुष म्हणून तर तिने अर्जच भरलेला नव्हता.

जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेली, शाळेच्या दाखल्यापासून सगळी कागदपत्रं मुलीची, मनातही कधी दुसरं काही आलेलं नाही. अशा माणसाला विशीत एका कागदाने सांगितलं की तू ती नव्हेस. तिने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. मे २०२२ मध्ये न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठासमोर राज्य सरकारने सांगितलं, की आम्ही सहानुभूतीने विचार करू, पोलीस खात्यात शिपाई सोडून दुसऱ्या पदावर तिला घेऊ. न्यायालयानेही यात तिचा काही दोष नाही, अहवाल काही म्हणो, ती स्त्री म्हणूनच जगली आहे, हे नोंदवलं. २०१८ चा अर्ज, २०२२ चा आदेश. आणि मिळालं ते तिने मागितलेलं पद नव्हे. मला विचाराल तर न्यायालयाने माणुसकी दाखवली, सरकारनेही शेवटी दाखवली, पण एक प्रश्न कोणी विचारला नाही असं वाटतं. मैदानात ती धावली होती. लेखी परीक्षेत ती उत्तरं लिहून आली होती. शिपाई व्हायला गर्भाशय कशाला लागतं?

आता दुसरं प्रकरण. बीड जिल्हा, माजलगाव. ललिता साळवे, महिला पोलीस शिपाई. २०१७ साली लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली आणि पुढेही खात्यात पुरुष म्हणून नोकरी चालू ठेवू द्या अशी विनंती केली. तेव्हा सगळ्या पेपरांत बातमी होती, तुम्ही वाचली असेल. खात्याने आधी नाही म्हटलं. नियमात बसत नाही, महिला कोट्यातली भरती, उंचीचे निकष वेगळे. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथून मॅटकडे जायला सांगितलं गेलं. वैद्यकीय चाचण्यांत वाय गुणसूत्र असल्याचं निघालं होतं. २०१८ च्या मे महिन्यात गृहखात्याने परवानगी दिली, मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, आणि ललित साळवे पुरुष शिपाई म्हणून कामावर रुजू झाले.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून बघा. राज्य एक, खातं एक, मध्ये जेमतेम चार वर्षं. दोघांच्याही अहवालात वाय. बीडचा माणूस म्हणत होता, मी पुरुष आहे. नाशिकची मुलगी म्हणत होती, मी स्त्री आहे. चाचणीने दोघांनाही एकच उत्तर दिलं. एकाच्या म्हणण्याला आधार मिळाला, दुसरीच्या हातातली नोकरी गेली. चहावाल्या मित्राच्या हिशोबाने दोघांचा निकाल एकच लागायला हवा होता. लागला नाही, आणि लागू नये असंच ही दोन्ही प्रकरणं ऐकणाऱ्या कोणालाही वाटेल. का? कारण ऐकणारा वाय बघत नाही, माणूस कसा जगला ते बघतो. आणि मनात हाही विचार येतो, की ललितच्या अहवालात वाय निघाला नसता तर? "मी पुरुष आहे" हे म्हणणं तेवढंच खरं राहिलं असतं. परवानगीचं मात्र काय झालं असतं कोण जाणे.

हा जो तीन गोष्टींचा काटा आहे, गुणसूत्रं, बीजग्रंथी, बाह्य अवयव, तो कोर्टात आला इंग्लंडमधून. १९७० चं कॉर्बेट प्रकरण. एप्रिल अॅशले ही मॉडेल, शस्त्रक्रिया करून स्त्री झालेली. नवऱ्याला लग्न मोडायचं होतं. न्यायमूर्ती ऑर्मरॉड हे स्वतः डॉक्टरही होते. त्यांनी या तीन गोष्टी तपासल्या आणि जन्माच्या वेळी जे होतं तेच कायम, म्हणून लग्नच झालं नाही असं ठरवलं. पुढे कित्येक देशांत हा निकाल दाखला म्हणून वापरला गेला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा निकालात हाच काटा नाकारला. न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री. शरीराच्या चाचणीपेक्षा माणसाची स्वतःची जाणीव महत्त्वाची, आणि शस्त्रक्रिया केल्याशिवाय ओळख देणार नाही असा आग्रह बेकायदेशीर, असं त्यांनी म्हटलं. आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या प्रकरणात होत्या, हेही इथे सांगून ठेवतो.

निकाल लागला म्हणून विषय मिटला नाही. २०१६ साली सरकारने विधेयक आणलं त्यात जिल्हा छाननी समिती होती. त्यात मुख्य वैद्यकीय अधिकारी, मानसशास्त्रज्ञ, समाजकल्याण अधिकारी. म्हणजे ओरोसला पाच जण टेबलाच्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला कणकवलीहून नाहीतर वेंगुर्ल्याहून आलेलं एक घाबरलेलं पोर. देशभरातून विरोध झाला, २०१९ च्या कायद्यातून ती समिती गेली. २०२० च्या नियमांत तर स्पष्टच आलं, की प्रतिज्ञापत्रावर जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र द्यायचं, शारीरिक तपासणी न करता. पण त्याच कायद्याच्या सातव्या कलमात डॉक्टर परत आला. शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष असा बदल हवा असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला. पुढच्या दाराने गेलेला पाहुणा मागच्या दाराने आत. वैद्यकीय मंडळाची कल्पना आपल्याकडे कधी पूर्ण मरत नाही, अधूनमधून डोकं वर काढतेच. आणि जगातही वारा एकाच दिशेने वाहतोय असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या समानता कायद्यातल्या 'स्त्री' शब्दाचा अर्थ जन्माच्या शरीरावरून लावला.

खेळाचा मुद्दा काढणारे आहेत, त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. शर्यतीत शरीराचा फायदा हा खरा प्रश्न आहे. पण तिथलाच इतिहास बघा. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून महिला खेळाडूंची गुणसूत्र तपासणी सुरू झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ जणींची तपासणी झाली. आठ जणींचा अहवाल "पुरुष" आला. पुढे तपासल्यावर आठही जणी स्त्रियाच म्हणून खेळल्या. वेष पालटून आलेला एकही पुरुष सापडला नाही. १९९९ साली ऑलिंपिक समितीने सरसकट तपासणी थांबवली. तरी २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनचं ८०० मीटरचं रौप्यपदक काढून घेतलं गेलं. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची पोर. मग द्युती चंद, तिला २०१४ मध्ये वगळलं. ती लढली, २०१५ मध्ये क्रीडा लवादाकडून नियम स्थगित करून घेतला. आता सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अॅथलेटिक्सने एसआरवाय जनुकाची चाचणी आणली आहे. हे जनुक १९९० साली ज्यांनी शोधलं त्यांतले एक, अँड्र्यू सिंक्लेअर, तेच लिहितात की लिंग ठरवायला ही चाचणी वापरू नका, जनुक आहे एवढंच ती सांगते, ते काम करतंय की नाही हे सांगत नाही. खेळाने स्वतःचे नियम करावेत, भांडावं, बदलावेत. पण ४०० मीटरच्या शर्यतीसाठी केलेला नियम रेशनकार्डाला लावू नये एवढीच माझी मागणी.

पोलीस भरतीतही हा फरक करता येतो. २०२२ च्या शेवटी आर्या पुजारी आणि इतरांच्या प्रकरणात अर्जात तिसरा पर्यायच नाही हे समोर आलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला नियम करायला भाग पाडलं. तिथे धावण्याचं अंतर किती, गोळा किती लांब, हे ठरवायचं होतं. ही कामाची चाचणी. ती घ्या, कडक घ्या. ओळखीची चाचणी वेगळी.

आता खरा आक्षेप. "मग उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल मी अमुक." सवलतींसाठी खोटे लोक घुसतील ही भीती मला पूर्ण खोटी वाटत नाही, आपण आपल्या लोकांना ओळखतो. पण मग एक सांगा, आपल्याकडे जातीचा दाखला कसा मिळतो? खापरपणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायला किती जणांनी गावची शाळा आणि तहसील पालथी घातली आहे! जात पडताळणी समिती कागद बघते, रीतिरिवाज विचारते, नात्यातले पुरावे बघते. खोटे दाखले तिथेही निघतात, रद्द होतात, नोकऱ्या जातात. पण जातीसाठी रक्त तपासा असं आजवर कोणी सुचवलं नाही. कारण जात रक्तात सापडत नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. ती जगण्यात असते, भोगण्यात असते. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहेच, त्याला धरायला कपडे उतरवायला लागत नाहीत.

आणि गावं काय करतात ते बघा. मध्य प्रदेशात कटनीला कमला जान २००० साली महापौर झाल्या. जागा महिलांसाठी राखीव होती. पुरुष ठरवून निवडणूक रद्द झाली, २००३ मध्ये उच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. मतं देणाऱ्यांना त्या कोण आहेत हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. आपल्याकडे २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केलं. आणि जळगावजवळच्या भादली बुद्रुकमध्ये २०२०-२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील यांचा महिला जागेवरचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने बाद केला. तृतीयपंथीयांना आरक्षण नाही, हे कारण. जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात औरंगाबाद खंडपीठाचे न्या. रवींद्र घुगे यांनी अर्ज मान्य केला. त्यांनी डॉक्टरकडे पाठवलं नाही. आयुष्यभर स्त्री म्हणूनच राहीन, फायद्यासाठी ओळख बदलणार नाही, असं त्यांचं निवेदन नोंदवून घेतलं. घुसखोरीच्या भीतीवर हा उपाय मला तरी पुरेसा वाटतो. त्या निवडूनही आल्या. कटनी ते भादली, अठरा वर्षं.

त्या प्रकरणाच्या कागदांवर त्यांचं नाव आहे अंजली गुरू संजना जान. वडिलांच्या नावाच्या जागी गुरूचं नाव. कंपनी सरकारच्या कारकुनांना जे नातं कुठल्या रकान्यात बसवावं कळलं नव्हतं, ते उच्च न्यायालयाच्या निकालपत्रावर छापून आलं.

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' असा रकाना होता. देशात ४ लाख ८७ हजार, महाराष्ट्रात जवळपास ४१ हजार. हे कमी धरलेले आकडे आहेत, कारण घरच्यांसमोर कोण सांगणार. कोकण रेल्वेत टाळी वाजवत येणाऱ्यांना आपण दहा रुपये देऊन खिडकीबाहेर बघतो, तेवढाच आपला संबंध. गेल्या महिन्यात कुडाळ स्टेशनवर गाडी दोन तास लेट होती तेव्हा बाकावर शेजारी बसलेल्या एकीशी बोलणं झालं. ओळखपत्राचं विचारलं. ते झालंय म्हणाली, फोटोसकट, त्याला काही त्रास झाला नाही. अडलंय ते रेशनकार्ड. मी म्हटलं, डॉक्टरचा दाखला मागतात का? तर हसली. "नाय हो दादा. वडिलांचं नाव नायतर नवऱ्याचं नाव लिवा म्हणतात. वडिलांनी चौदाव्या वर्षी बाहेर काढलं. मला वाढवलं गुरूनं. तिचं नाव लिवायला कागदात जागाच नाय."

मग मडगावकडची गाडी लागली आणि ती उठून गेली.